दोघींत एक दाखला

"ही तारीख माझी आहे," आक्का म्हणाली, आणि समोर बसलेल्या नर्सबाईने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

नर्सबाई आक्काची चुलत बहीण. म्हणजे जगाच्या लेखी चुलत. खरं काय ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि तोंडातून कोणी काढत नव्हतं. नर्सबाईच्या आईला, म्हणजे काकूला, पहिली मुलगी झाली तेव्हा थोरल्या जावेची कूस उजवली नव्हती. नाव ठेवायच्या आत काकूने मुलगी उचलून जावेच्या ओटीत घातली. कागद नाही, सही नाही. घरातल्या घरात तर दिली, कागद हवा कशाला? ती मुलगी म्हणजे आक्का. आक्काने उभा जन्म लोकांच्या पँटी आखूड आणि बाह्या लांब करण्यात काढला, आणि जन्मदात्या आईला शेवटपर्यंत काकूच म्हटलं.

घराण्याचा इतिहास लिहायचं खूळ आक्काच्या लेकीचं. नोंदणी कार्यालयात खेटे घालून तिने आईच्या जन्माची नोंद शोधली, तिची नक्कल काढली. आईच्या रकान्यात काकूचं नाव वाचून आक्का तिथल्या बाकावर मटकन बसली होती. तिला बाकी काही नको होतं. त्या नावाखाली एकदा आपलं नाव लिहिलेलं बघायचं होतं, एवढंच. पण जन्माच्या वेळी रिकामी राहिलेली मुलीच्या नावाची जागा काही वर्षांनी भरली गेली होती. तिथे नर्सबाईचं नाव होतं.

"मी घरी जन्मले," नर्सबाई म्हणाली. "माझी नोंद कोणी केलीच नाही. शाळेत घालताना दाखला मागितला, आणि आईच्या पेटीत तुझाच होता. आजी म्हणाली, पोरगी तर देऊन टाकली, कागद तरी कामाला येऊ दे."

"वा! म्हणजे मला दिलं आणि माझा जन्म तेवढा ठेवून घेतला." आक्का हसायला गेली, पण जमलं नाही.

"आणि मला काय मिळालं गं त्यातून? तुझ्या वयापायी दोन वर्षं आधी नोकरीतून घरी बसवलं मला, हातपाय धड असताना! निरोपाचं भाषण चाललं होतं आणि मी मनातल्या मनात तुला शिव्या घालत होते."

लेकीला हा थट्टेचा सूर पटला नाही. "मावशी, एक अर्ज केला की नोंद दुरुस्त होते."

"होते की. मग माझी चौकशी. दुसरीच्या दाखल्यावर नोकरी केली म्हणून पेन्शन बंद. कर अर्ज, मी काही आड येणार नाही." तिच्या आवाजात राग नव्हता. भांडायलाही अंगात काही असावं लागतं.

आक्का नकलेवरच्या त्या तारखेकडे बघत राहिली. "काकू तुझा वाढदिवस कधी करायची गं?"

"खऱ्या तारखेला. ह्या तारखेला शाळेत माझ्यासाठी टाळ्या व्हायच्या, आणि घरी यावं तर आई न जेवता भिंतीकडे तोंड करून पडलेली. विचारलं की म्हणायची, डोकं दुखतंय. मला वाटायचं, मी जन्मले तेच हिला नको होतं."

"दरवर्षी?"

"अगदी जाईपर्यंत."

आक्काला हुंदका आवरेना. आपण नकोशा होतो म्हणून आपल्याला दिलं, असंच ती आजवर धरून चालली होती. आता कळलं, तर जिच्या गळ्यात पडून रडावं ती केव्हाच गेलेली. नर्सबाईने उठून तिच्या पाठीवर हात ठेवला.

"अर्ज नको," शेवटी आक्का म्हणाली.

"अगं आई, पण तुझं नाव..."

"मला जे कळायचं ते कळलं. आता हिला म्हातारपणी कचेऱ्यांच्या पायऱ्या कशाला झिजवायला लावायच्या? चल, बस चुकेल."

बसमध्ये गर्दी नव्हती. गुडघे चोळत आक्का खिडकीशी बसली. कंडक्टर जवळ आला, तिच्या पांढऱ्या केसांकडे बघून थांबला.

"आजी, तुम्हाला अर्धं तिकीट बसेल. जन्मतारखेचा कागद आहे का काही?"

लेकीचा हात पिशवीतल्या नकलेकडे गेला. आक्काने तिचं मनगट धरलं.

"नाही," ती म्हणाली. "पूर्ण द्या."