वाकड्या नारळाची सोयरीक

रत्नव्वाचा वाकडा नारळ आज आडवा होणार म्हणून आकाराम सकाळपासून खुशीत होता. झाड तिच्या बांधावर, पण झुकलेलं याच्या रानावर. नारळ पडायचा तो नेमका याच्या रोपांच्या वाफ्यात. चार वर्षं तो भांडला, त्या झाडाला खुरटं, नासकं म्हणून गावभर हसला. शेवटी म्हातारी कंटाळली आणि तिनं झाडावर चढणाऱ्या पिराजीला सांगावा धाडला.

आकारामचा स्वतःचा नारळ म्हणजे गडमुडशिंगीतलं नावाजलेलं झाड. त्याची रोपं पाचव्याच वर्षी फळ धरायची. रोपं न्यायला येईल त्याला आकाराम ऐकवायचा, की आमच्या आज्यानं लावलेलं अस्सल वाण हाय, ह्यात कुणाची भेसळ न्हाय. झाडाला गावात जेवढा मान होता तेवढा आपल्याला नाही, हेही तोच सांगायचा.

याच फुशारकीत त्यानं गेल्या वर्षी संशोधन केंद्रातल्या संयोगिता मॅडमना बोलावलं होतं. त्यांनी त्याच्या झाडाची, त्यापासून वाढलेल्या झाडांची आणि आजूबाजूच्या सगळ्या नारळांची कोवळी पानं पिशव्यांत भरून नेली. डीएनए तपासू म्हणाल्या. आकारामला वाटलं, आता घराण्याचा दाखलाच मिळणार.

त्या आज कागद घेऊन आल्या. म्हणाल्या, उंच जातीच्या नारळाला बहुतेक दुसऱ्या झाडाचा पराग लागतो, माश्या आणि वारा तो आणतात. रोपात अर्धं आईचं येतं, अर्धं बापाचं, आणि डीएनएतल्या खुणा जुळवल्या की बाप सापडतो. लवकर फळ धरलेल्या सगळ्या झाडांचा बाप एकच निघाला होता.

"कुठला?" आकारामनं विचारलं.

मॅडमनी बांधाकडं बोट केलं. वाकड्या नारळावर पिराजी चढलेला होता आणि दोन झावळ्या खाली पडल्या होत्या. शेंडा तुटला की नारळ मेलाच. चपला तिथंच टाकून आकाराम पळाला.

झाड जिचं तिनं सांगितल्याशिवाय थांबणार नाही, असं पिराजीनं वरूनच सुनावलं. मग आकारामनं बांधावर बसलेल्या रत्नव्वाला धापा टाकत सगळं सांगितलं. म्हातारीनं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे तुझ्या त्या अस्सल वाणाचा बाप माझं नासकं झाड?"

"व्हय, अक्का."

"मग मी तुझी कोण?"

"विहीण म्हणायची."

"पोरगा माझ्याकडचा हाय, आकाराम. वरमाय म्हण. एवढी नातवंडं झाली, वरमाईचं पाय धुतलंस काय कधी?" तिनं वर बघितलं. "पिराजी, जरा दम धर. ह्यानं न्हाय धुतलं तर घाल कोयता."

कुणी न सांगता आकारामची बायको चिमणाबाई पाण्याचा तांब्या घेऊन हजर झाली. चार वर्षं नवऱ्याची भांडणं ऐकून तिचेही कान किटले होते. मॅडम लांब उभ्या राहून कागदात तोंड लपवत होत्या. आकारामला लाज वाटली, खरंच वाटली. मग त्याला स्वतःचंच हसू आलं. आज्याच्या वाणाचा दाखला मागायला गेलो आणि शेजारणीच्या पायाशी आलो, असं पुटपुटत तो चिखलात बसला. त्यानं पाय धुतला, खांद्यावरच्या टॉवेलानं पुसला आणि गुडघ्यावर हात टेकून उठला.

"आणि दुसरा काय पिराजी धुईल?" रत्नव्वा म्हणाली.

आकाराम परत खाली बसला.