वरचा दीड टक्का

त्र्याण्णव साली मधुसूदनरावांच्या खात्याला भरघोस नफा झाला, म्हणून ऑफिसात लाडू वाटले. एक डबा त्यांच्या निशातगंजच्या घरीही आला.

"सरकारी खात्याला कसला हो नफा?" त्यांच्या पत्नी सरोजताई हसल्या.

"का नाही? सरकार बाजारातून तेरा टक्क्यांनी पैसा उचलतं, नगरपालिकांना साडेचौदानं देतं. वरचा दीड टक्का राज्याचा. उशीर झाला की दंडव्याज. बुडायची भीती नाही. अनुदान निघायच्या आधीच हप्ता कापतो आम्ही."

डबा उघडाच होता, तेवढ्यात जयसिंग आला. रेल्वेतल्या पवारांचा मुलगा, जवळच्याच एका कसब्यात नगरपालिकेचा इंजिनिअर. घरच्या लेकीशी, चेतनाशी, त्याचं लग्न ठरल्यात जमा होतं. मधुसूदनरावांची एकच अट होती, आधी पगार सुरळीत होऊ दे. होळीपासून तो झालाच नव्हता.

जयसिंगनं लाडू घेतला, पण हातातच धरून ठेवला.

"काका, यंदाही अनुदान कापूनच आलं. आमचे पगार त्यातूनच होतात."

"मग पाणीपट्टी वसूल करा की!"

"नळाला पाणी आलं तर ना! तुमच्या कर्जातून पाइप टाकले, टाकी अर्धी राहिली. पाणी नाही, तर पट्टी नाही. हप्ता तेवढा चुकत नाही."

हिंदी मुलखातच वाढलेली चेतना दारात उभी होती. "पापा, एक साल रोक दीजिए ना. साइन तो आप ही करते हैं."

"एकाला सोडलं की उद्या सगळे रांगेत. शिवाय लोक म्हणतील, जावयासाठी सोडलं." मग जयसिंगकडे वळून जरा मऊ आवाजात, "तू दुसरी नोकरी बघ बाबा. मी शब्द टाकतो."

"आणि टाकी? मी गेलो तर ती तशीच राहील, काका." तो उठला. "चेतनाला माझ्यासाठी थांबवू नका. एवढंच सांगायला आलो होतो."

तो जिना उतरून गेला. स्वयंपाकघरात सरोजताईंच्या ओठांवर माहेरची ओवी आपसूक आली.

लेक निघाली पाण्याला, कळशी कडेवरी बाई
घाट बांधिला बापानं, पायरी ठेविली नाही

सोमवारी मधुसूदनरावांनी जयसिंगच्या नगरपालिकेच्या पुढच्या कपातीवर सही केली. संध्याकाळी चेतनानं त्यांच्यापुढे चहा ठेवला.

"कट गया?"

त्यांनी मान हलवली.

"अच्छा," ती म्हणाली, आणि साखर पुरेशी आहे का, ते तिनं विचारलं.