शंभर टक्के वनस्पती

लेक शिकायला बाहेर पडली, वसतिगृहात राहायला गेली, आणि पान्याची झोप उडाली.

पाना म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा. बोल्ट किती घट्ट आहे हे तो नुसत्या हाताच्या अंदाजाने सांगायचा, म्हणून कामावर सगळे त्याला पाना म्हणत. पुढे बायकोही तेच म्हणू लागली. ती दातांच्या कवळ्या बनवायची. दिवसभर मेण वितळवायचं, साचे भरायचे, कोणाचा दात किती पिवळा ते रंगाच्या पट्टीवर जुळवायचं. दोघं एकमेकांना धरून होती. भांडणंही बेताचीच.

लेक घरात होती तोवर बरं होतं. तिची खोली शेजारीच, मधली भिंत पातळ. "हळू, पोरगी जागी असेल," एवढं म्हटलं की विषय संपायचा. वर्ष झालं, पान्याला इच्छाच होत नव्हती, आणि ही गोष्ट त्या पातळ भिंतीआड खपून गेली होती. आता खोली रिकामी. मेहुणीने तर फोनवर थट्टाच केली, "काय बाई, आता राजाराणीचा संसार!" बायको हसली. पाना उठला आणि न गळणारा नळ घट्ट करत बसला.

त्याच आठवड्यात, रविवारी दुपारी आडवं पडल्यावर बायकोने त्याच्या पाठीवर हात ठेवला. हात ओळखीचा, मेणाचा किंचित वास असलेला.

"कंबर भरलीय गं आज," तो म्हणाला.

"मलम लावू?"

"नको."

हात निघून गेला. ती कूस बदलून झोपली, निदान झोपल्यासारखी पडून राहिली. पाना तिच्या मानेकडे बघत राहिला. प्रेम आटलं होतं असं नाही. तिचं गुणगुणणं, चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधणं, सगळं आवडत होतं. पण ते आवडणं गळ्याखाली उतरतच नव्हतं. ती कंटाळली तर? आज हात काढून घेतला, उद्या हात पुढेच केला नाही तर?

दुसऱ्या दिवसापासून त्याने उपाय सुरू केले. कुठे काय वाचलं, कोणी काय म्हटलं, ते सगळं. खिशात भोपळ्याच्या बिया, सकाळी कच्चा लसूण, दुपारी अक्रोड.

"लेका, तुझ्यासोबत लिफ्टमध्ये शिरलेली माणसं जिन्याने जायला लागतील," कामावरचा जोडीदार नाक दाबून म्हणाला.

"रक्तदाबासाठी खातोय," पान्याने ठोकून दिलं.

रोज उठल्यावर तो स्वतःला चाचपून बघायचा, ताप उतरला का बघावं तसा. काही फरक नसायचा. मग दिवसभर तेच डोक्यात. घरी परतताना दाराशी पाय अडखळायचा. शेवटी दोन ग्लास बिअर घेतल्याशिवाय त्याला झोप लागेनाशी झाली. उशाशी कंपनीचा फोन. कुठेतरी लिफ्ट अडकली की तो वाजणार, आणि ती झोपही मोडणार. त्यातच एक नवीन गोष्ट त्याच्या लक्षात आली. बायको आता न्हाणीघरात कडी लावून कपडे बदलायला लागली होती. रागावली, त्याने ठरवून टाकलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

मग तो मर्दानी ताकदीच्या पुड्या विकणाऱ्या दुकानात गेला. दुकानदाराने आवाज खाली आणला. "अपाय कसला, साहेब? शंभर टक्के वनस्पती. पालाच तो. सकाळी चिमूटभर घ्यायचा."

पाना घायकुतीला आला होता. जे चिमटीने होईल ते चमच्याने लवकर होईल, असा हिशेब त्याने केला.

आठवडाभरातली गोष्ट. एका उंच इमारतीत लिफ्टचे दोर तपासायचे होते. जोडीदार वर यंत्राच्या खोलीत, पाना लिफ्टच्या छतावर उभा राहून हळूहळू वर चाललेला. अर्ध्या वाटेत त्याच्या कानशिलात ठोके पडू लागले. छातीत कोणी हातोडी मारतंय असं वाटलं. समोरचे दोर दोनाचे चार दिसायला लागले. त्याने थांबायचं बटण दाबलं आणि छताच्या कडेचा कठडा धरून खाली बसला. वर अंधार, खाली अंधार, मध्ये तो. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते त्याला त्या दिवशी कळलं.

"काय रे, थांबवलीस का?" वरून जोडीदार ओरडला.

"छातीत... छातीत धडधडतंय. डोळ्यांपुढे अंधारी येतेय."

"हलू नकोस! तसाच बसून राहा. मी हाताने उतरवतो."

जोडीदाराने ब्रेक सैल केला आणि चाक हाताने फिरवत लिफ्ट इंचाइंचाने खाली घेतली. वाटेत तो काहीबाही बोलत राहिला, शिव्याही घालत राहिला, पान्याने ओ द्यावी म्हणून. बाहेर काढलं तेव्हा पान्याचा शर्ट पिळून काढावा इतका भिजला होता.

दवाखान्यात बायको धावत आली ती कामाचा ॲप्रन अंगात तसाच ठेवून. डॉक्टरीणबाई त्याच्या दंडावरचा पट्टा सोडत होत्या. "रक्तदाब फारच चढलाय. काही घेत होता का? खरं सांगा. त्यावर उपचार ठरणार आहेत."

पाना बायकोकडे बघेना.

"मी बाहेर थांबू का?" ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता.

पान्याने चादरीचा काठ चुरगाळला. मग म्हणाला, "नको. थांब." आणि त्याने सांगितलं. बिया, लसूण, पुडी, चमचा. कशासाठी, तेही. "वर्ष झालं. मला काही वाटतच नाही. माझ्यातलंच संपलंय बहुतेक."

बायको मटकन खुर्चीत बसली. "आणि मला वाटत होतं, तुला माझीच शिसारी यायला लागलीय. अंग सुटलंय माझं, अंगातून वाफा निघतात... म्हणून मी कडी लावत होते."

"तुझी? वेडी आहेस का तू!"

"मग बोलायचं तरी!"

डॉक्टरीणबाईंनी दोघांना थोडं रडू दिलं. मग विचारलं, "झोप किती लागते? घोरतात का हे? दारू? चालणं?" उत्तरं ऐकून म्हणाल्या, "म्हणजे रोग म्हशीला आणि औषध पखालीला. वनस्पती म्हणे! धोतरा ही पण वनस्पतीच आहे. आणि अशा पुडीत काय कुटून घातलेलं असतं ते घालणाऱ्यालाच ठाऊक. ती बंद. रक्त तपासू, म्हणजे साखर आणि बाकीचं कळेल. बिअर बंद. फोन दुसऱ्या कोणाला तरी द्या, माणसासारखं झोपा. रोज चाला. आणि महिनाभर तसला प्रयत्नच करायचा नाही. हात धरा, पाठ चोळा, त्यापुढे मनाई."

"मनाई?" पाना चक्रावला.

"सक्त."

मनाई ऐकल्यावर पान्याला कित्येक महिन्यांत पहिल्यांदा पोटभर श्वास घेता आला.

सगळं लगेच सुरळीत झालं असं नाही. रक्तात साखर थोडी वाढलेली निघाली. रक्तदाबाची गोळी सुरू झाली, आणि गोळीनेच उरलंसुरलं जाईल या धास्तीने त्याने आणखी काही दिवस डोकं पिकवलं. शेवटी बायकोने त्याच्यासमोरच डॉक्टरीणबाईंना फोन लावून विचारलं. त्या म्हणाल्या, तसं वाटलं तर या, गोळी बदलू; मनाने सोडू नका. रात्रीचे फोन जोडीदाराने आणि कामावरच्या इतरांनी कुरकुरत आळीपाळीने वाटून घेतले. पाना घोरायचा, पण झोपायचा. संध्याकाळी दोघं चालायला जायची. सुरुवातीला मुकाट्याने, मग रमतगमत. घरी आल्यावर ती त्याची पाठ चोळायची आणि तो तिचे दुखरे अंगठे. हात पुढे सरकला तर काय, ही भीती नव्हती, कारण सरकवायचाच नव्हता.

महिना केव्हा उलटला ते कोणी पाहिलं नाही. एका सुट्टीच्या दुपारी ती एका म्हाताऱ्याची गोष्ट सांगत होती. त्याला नवी कवळी हवी होती, पण पुढचा दात पूर्वीसारखाच वाकडा. "का, तर म्हणे, सरळ दात बघून म्हातारी घरात घेणार नाही!" तिने म्हाताऱ्याचा ओठ करून दाखवला. पाना हसता हसता लवंडला, तिच्या मांडीवर आला, आणि हसू थांबलं तरी उठला नाही. अंगात काहीतरी हळूच सरकल्यासारखं वाटलं. त्याने तिच्याकडे पाहिलं. तिलाही कळलं होतं.

"घाई नाही हं," ती म्हणाली.

"नाही," पाना म्हणाला. छाती धडधडत होती, आणि या वेळीही तो घाबरला होता. पण त्याने ते तिला सांगून टाकलं, "भीती वाटतेय गं."

"मलाही," ती म्हणाली, आणि तिने चष्मा काढून बाजूला ठेवला.