होळीनंतरचा हिरवा चारा

मित्रांनो, मी दशरथ घासाचा एक जुना ठोंब आहे. हसू नका. दर वेळी कापल्यावर ज्यातून नवे फुटवे येतात, त्या जाड बुडख्याला ठोंब म्हणतात. काम मोठं, नाव तेवढं बावळट. राजा दशरथाशी माझं काही नातं नाही. मी आपला साधा चारा, तूर-हरभऱ्याच्या कुळातला. पण ते एका हंगामात आटोपतात आणि मी एकदा लागलो की कित्येक वर्षं जागा सोडत नाही.

हरसूलजवळच्या एका पाड्यावर, हिरामणच्या माळावरच्या वावरात माझं घर आहे. त्याची बायको सरिता, तिनं माझं बी घोटीकडच्या आपल्या माहेराहून पदरात बांधून आणलं. पेरण्याआधी तिनं आम्हाला गरम पाण्यात टाकलं. मला वाटलं, झालं, आता आपली उसळ होते. पण आमची साल इतकी टणक असते, की त्याशिवाय कोंब बाहेर यायचं नाव घेत नाही.

बरं, मला एकट्याला सुखानं पेरावं की नाही? तर नाही. माझ्याच ओळीत तिनं गोकर्णीचं बी टाकलं आणि मधल्या जागेत स्टायलो नावाचा दुसरा चारा. स्टायलो बिचारा जमीन धरून पसरतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. गोकर्ण मात्र महाबिलंदर. जरा वाढली नाही तोच माझ्या अंगावर चढली आणि माझ्या डोक्यावर आपली निळी फुलं मिरवू लागली. येणारेजाणारे म्हणायचे, काय सुंदर वेल आहे! ती उभी कुणाच्या जिवावर आहे, हे कुणी विचारत नसे. मला तिचा भारी राग यायचा.

हळूहळू मला आमच्या मेळाचं गणित उमगलं. माझी मुळं खोल जाऊन ओल शोधतात. स्टायलो जमीन झाकतो, म्हणून ती उन्हात भाजत नाही. गोकर्णीची कोवळी पानं मिसळली की जनावर चारा चवीनं खातं. आणि आम्हा तिघांच्याही मुळांवर बारीक गाठी असतात, त्या हवेतलं खत मातीत आणतात. त्यामुळे कुणी कुणाच्या ताटातलं ओढत नाही. तरी मी तिच्याशी भांडायचं काही सोडलं नाही.

पहिल्या वर्षी आम्ही फारसे वाढलो नाही. हिरामण म्हणाला, "येवढ्या जागेत नागली झाली असती." त्यांची तांबडी गाय तेव्हा गाभण होती. दर उन्हाळ्यात चारा संपला की तिच्या बरगड्या वर यायच्या. मागचं वासरू तर दूध न मिळाल्यानं गेलं होतं. हिरामण काही वाईट माणूस नाही, पण त्यानं सरिताला स्पष्ट सांगितलं, "औंदा हिरवं पुरलं तर गाय ठेवू. नाय तर घोटीच्या बाजारात नेतो. आपल्या डोळ्यांदेखत झुरण्यापेक्षा दुसऱ्याच्या दावणीला जगू दे तिला."

त्या दिवसापासून सरिता रोज येऊन आमच्यावरून हात फिरवू लागली. कापताना वीतभर बुडखा राखून कापायची. तिची गाय आता आमच्या भरवशावर होती.

आमच्याकडे एक जुनी रीत आहे. भात-नागली निघालेली असते, राखायला काही उरत नाही, म्हणून होळी झाली की वावरं सगळ्यांची होतात आणि जनावरं मोकळी सोडतात. दुसऱ्याच्या शेळीला हाकलणं तेव्हा वाईट दिसतं. पण भर उन्हाळ्यात हिरवं राहणारं पीक इथं आधी होतंच कुठं? सरिताच्या माहेरी हा चारा परसात, घराच्या मागे होता. त्यामुळे होळी आली-गेली तरी कुंपणाचं तिच्या मनातही आलं नाही.

एक दिवस ती दोघं हरसूलच्या बाजाराला गेली होती. शेजारचा म्हातारा सहादू आपल्या शेळ्या घेऊन आला. आम्हाला पाहून त्याला वाटलं, रानच माजलंय. तो निवांत झाडाखाली बसला आणि शेळ्या आमच्यावर तुटून पडल्या. त्यांनी पहिली गोकर्ण ओढली. मोकळ्यावर वाढलेल्या तिच्या बहिणी तर मुळासकट उपटल्या गेल्या. माझ्या अंगावरची वेलही दिसेनाशी झाली. खोटं कशाला बोलू, जिच्यावर इतके दिवस डाफरलो, तिच्यासाठी माझा जीव कळवळला.

संध्याकाळी हिरामणनं वावर पाहिलं आणि म्हणाला, "झालं. येत्या बाजाराला गाय नेतो."

सरितानं खाली बसून एकेक बुडखा चाचपला. "जिते हाय," ती म्हणाली. "आखाजीपर्यंत थांबा. तवर नाय फुटले तर मी आडवी येणार नाय." आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया.

मग ती बांधापलीकडे सहादूच्या अंगणात गेली. "मामा, तुमची चूक नाय. होळी झाली, वावर सगळ्यांचं. पण ते रान नव्हतं. माझ्या तांबडीचा चारा होता. आता गाय जाईल."

सहादू म्हणाला, "उन्हाळ्यात कोण पीक ठेवतं, पोरी? मला काय ठाऊक?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं उंबराच्या पाल्याचा भारा आणून तांबडीपुढे टाकला आणि निघून गेला. मग तो रोजच पाला आणू लागला. दुपारी काठी घेऊन बांधावर बसायचा आणि आपल्याच काय, अख्ख्या पाड्याच्या शेळ्या वळवायचा. लोक चेष्टा करायचे, "काय सहादू, वावर नावावर करून घेतलं का?" तो म्हणायचा, "माझ्या बकऱ्यांनी खाल्लंय, तर मीच भरणार."

सरिता भांडी घासलेलं पाणी आमच्या बुडाशी ओतायची. हळूहळू मला फुटवे आले. आणि आमच्या बुडख्यांच्या दाटीत, जिथं शेळीचं तोंड पोचलं नव्हतं, तिथून एक बारीक हिरवी तार वर आली. गोकर्ण! आल्या आल्या तिनं मला विळखा घातला. या वेळी मी तिला एक शब्द बोललो नाही.

आखाजी झाली. बाजाराच्या दिवशी हिरामण तांबडीला दाव्यानं धरून वावराशी थांबला. आम्ही गुडघ्याच्या वर आलो होतो. त्यानं बराच वेळ पाहिलं, गाय झाडाला बांधली आणि सरिताच्या हातातला विळा घेतला. वाकून त्यानं गवत कापतात तसा विळा अगदी जमिनीला लावला.

"वीतभर वर, हिरामण," बांधावरून सहादू म्हणाला. "बुडखा राख."

हिरामणनं विळा वर घेतला. आम्हाला कापलं, मूठ मूठ रचलं आणि मग भारा बांधायला दोर शोधू लागला. दोर कुठं दिसेना. तेव्हा त्यानं तांबडीच्या गळ्यातलं दावंच सोडलं आणि त्याच दाव्यानं भारा आवळला. घोटीची वाट मागे राहिली. तांबडी भाऱ्यामागून, मधेच एखादा घास ओढत, मोकळीच घरी गेली.

मित्रांनो, आम्हाला खुशाल कापा, आम्ही त्यासाठीच आहोत. फक्त वीतभर बुडखा ठेवा, उन्हाळ्याचे चार महिने आमच्याकडे लक्ष द्या, आणि कृपा करून आम्हाला एकेकटं लावू नका.