कोरड्या तळहाताचे बाबा

भयावर विजय मिळवलेला महापुरुष शतकातून एकदाच जन्माला येतो. आमच्या भागात तो दर रविवारी, नाश्ता आटोपून, पाच मजली इमारतीच्या गच्चीवर येत असे.

बाबा कठड्यावर चढत आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जात. गच्चीवर जमलेल्या बायका डोळे मिटून घेत. पुरुषही मिटत, पण नंतर कबूल करत नसत. मग बाबा उतरून तळहात पुढे करत. ठणठणीत कोरडा. नुसतं बघून भक्तांचे मात्र ओलेचिंब. "भय हा मायेचा घाम आहे," बाबा म्हणत. याचा अर्थ कुणालाच कळत नसे, त्यामुळे ते वाक्य फार खोल समजलं जाई.

मी तार शोधली, दोरी शोधली, बाबांच्या वहाणांचे तळ उलटे करून पाहिले. काही नव्हतं. त्यांना खरोखरच भीती वाटत नव्हती. भोंदूगिरी उघडी पाडायला निघालेल्या माणसाची याहून मोठी पंचाईत होत नाही.

आणि मला घाई होती. माझा मेहुणा दोरावर लटकून उंच इमारतींना बाहेरून रंग देतो. इतक्या वर्षांनंतरही वर जाताना त्याचे पाय लटपटतात, आणि याची त्याला लाज वाटे. बाबा त्याला येत्या रविवारी अभयदीक्षा देणार होते. अट एकच, सोमवारपासून कमरेला सुरक्षेचा पट्टा बांधायचा नाही. पट्टा म्हणजे अविश्वास. बहीण मला म्हणाली, "दादा, तुझे लेख राहू देत. यांचा पट्टा तेवढा वाचव."

म्हणून ओळखीच्या, मेंदूच्या डॉक्टर असलेल्या बाईंना मी त्या रविवारी गच्चीवर नेलं. त्यांनी एक छोटी परीक्षा घेऊ का म्हणून विचारलं. बाबा खुशीत बसले. परीक्षेला घाबरण्याचा प्रश्नच नव्हता.

बाईंनी पिशवीतून चेहऱ्यांचे छापील फोटो बाहेर काढले. पहिला रागावलेला, बाबांनी अचूक ओळखला. दुसरा आनंदी, तोही. तिसऱ्यातल्या माणसाचे डोळे विस्फारलेले होते आणि तोंड वासलेलं. बाबा बराच वेळ बघत राहिले.

"हा मन लावून माझं प्रवचन ऐकतोय."

"बाबा, तो घाबरलाय हो," मेहुणा म्हणाला.

"असं होय? दीक्षा घेताना सगळे असेच दिसतात."

मग बाईंनी समजावून सांगितलं. मेंदूत बदामाएवढा एक भाग असतो. धोक्याची चाहूल लागली की तो आरडाओरडा करतो, हात घामेजतात, पाऊल मागे येतं. काही माणसांत तो पुरेसा ओरडतच नाही. अशांना कधीकधी दुसऱ्याची भीतीही ओळखता येत नाही. त्यातच एखाद्याला दुसऱ्याला खड्ड्यात ढकलताना काही वाटेनासं झालं, की त्या सगळ्याला मिळून सायकोपॅथी म्हणतात.

"बाबांना ती आहे की नाही, हे मी गच्चीवर बसून सांगणार नाही," बाई म्हणाल्या. "पण ही साधना नव्हे, मेंदूची ठेवण आहे. ती दुसऱ्याला देता येत नाही. उंच माणसाच्या पाया पडून बुटका उंच होतो का?"

मग त्यांनी विचारलं, बाबांचा डावा हात वाकडा का. पट्टशिष्याने अभिमानाने सांगितलं, शिडीवरून पडले. हनुवटीवरची खूण? मोटारसायकल. पुढचे दात?

"तो जिना," शिष्य म्हणाला. त्याचा आवाज जरा उतरला होता.

मेहुण्याने स्वतःच्या धड हातापायांकडे पाहिलं.

"तुमचे पाय लटपटतात, म्हणून तुम्ही गाठ पुन्हा तपासता," बाई त्याला म्हणाल्या. "भीती त्यासाठीच असते. तिची लाज कसली? ती राहू दे, आणि पट्टाही राहू दे."

एव्हाना लोक उठू लागले होते. त्यातल्या एका सधन दिसणाऱ्या गृहस्थांना गाठायला बाबा लगबगीने जिन्याकडे निघाले. जिना नुकताच धुतला होता. बाकीचे सगळे जिन्याचा कठडा धरून उतरले.

सोमवारी मेहुणा पट्टा बांधून कामाला गेला. बाबांचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे.