एका बोटाचे बारा रुपये

कडेवरच्या चिन्नीला सावरत हैमाने मंगायम्माच्या फाटकाची कडी दणादणा आपटली. आत सात-आठ बायका पालथ्या तापल्या मडक्यांवर तांदळाच्या पातळ पिठात बुडवलेलं फडकं फिरवून पूतरेकुलू मिठाईचे कागदासारखे पापुद्रे उचलत होत्या. सगळ्यांचे हात थांबले.

“आमच्या पोटावर पाय देऊन तुम्हाला काय मिळतं, पिन्नी?” गावनात्यातल्या या मावशीवर ती ओरडली.

“आधी लेकराला धुरातून बाजूला घे,” मंगायम्मा बसल्या जागेवरून म्हणाली. “मग भांड.”

हैमाने पदर चिन्नीच्या तोंडावर ओढला, पण जागची हलली नाही. ऑनलाइन जाहिरात नुसती दिसली तर पैसे पडत नाहीत. कुणी तिच्यावर बोट टेकवलं की कापले जातात. नवऱ्याच्या पूतरेकुलूच्या ऑनलाइन दुकानासाठी हैमा जाहिरातीत रोज सहाशे घाली, आणि पन्नास बोटांत, सकाळी नऊच्या आत, ते संपत. एका बोटाचे बारा रुपये. काल तिने नीट पाहिलं, तर पन्नासातली अडतीस बोटं याच गावची. आत्रेयपुरममध्ये घरोघरी मडकं तापतं. इथून कोण पूतरेकुलू मागवणार? वैरीच. तिच्या नवऱ्याचा, वीरबाबूचा, कुवेतचा व्हिसा आला होता. रोज आठ ऑर्डरी आल्या तर जात नाही, असं तो तिला म्हणाला होता. येत होत्या दोन. विमान सोमवारचं.

“सरळ सांगा, आमची जाहिरात रोज तुमच्या घरातून दाबली जाते की नाही?”

“जाते की. सगळ्यांत आधी मीच दाबते.”

मग हैमाचा तोल गेला. स्वतःचा माल खपत नाही म्हणून दुसऱ्याच्या चुलीत पाणी ओतणारी जात तुमची, इथपासून तिने सुरुवात केली आणि मंगायम्माच्या मेलेल्या नवऱ्यापर्यंत पोचली. एक बाई मध्ये बोलू लागली, तिला मंगायम्मानेच गप्प केलं.

“झालं? आता सासूला विचार. रोज उजाडता उजाडता दारात येते. म्हणते, वहिनी, तुझ्या हाताला गुण आहे, माझ्या पोराच्या दुकानाची बोहनी तूच कर. मग या सगळ्यांना फोन काढायला लावते, आणि पुढे कालव्यापर्यंत घर अन् घर. मी म्हटलं, अगं, आपला धंदा एकच, मी कशी करू? तर इथंच बसून रडली. पोरगं वाळवंटात जाईल म्हणाली.”

फाटकापाशी पावलं वाजली. हातात फोन घेऊन अत्तय्या, हैमाची सासू, आली होती. सुनेचा चेहरा पाहून ती उंबऱ्यावरच थबकली.

मंगायम्माचे डोळे बारीक झाले. “का गं, दाबल्याचे पैसे पडतात की काय?”

हैमाच्या जिभेवर आकडा तयार होता. अडतीस गुणिले बारा, चारशे छप्पन्न, रोजचे, गेले अठरा दिवस. ओरडून सांगावा, साऱ्या गल्लीला ऐकू जावा. तिने वळून अत्तय्याकडे पाहिलं. म्हातारीचे ओठ हलत होते, आवाज नव्हता.

आणि मग तिला उरलेली बारा बोटं आठवली. बाहेरगावची. दोन्ही ऑर्डरी त्यांच्यातूनच आल्या होत्या. सहा बोटांमागे एक. जाहिरातीतून हे गाव आजच वगळलं, तर पन्नासांत आठ ऑर्डरी.

“पैसे कसले,” ती म्हणाली. आवाजातली धार अजून गेली नव्हती. “फुकट असतं.”

“मग एवढी पेटलीस कशाला?”

“चुकलं माझं, पिन्नी.”

 मंगायम्माने पिठाचा हात पदराला पुसला आणि कमरेचा फोन काढला.

“भांडणाच्या नादात आजची राहिलीच की.”

डोळे मिटून तिने बोट टेकवलं. तिच्यामागून बाकीच्यांनीही फोन काढले. उंबऱ्यावर अत्तय्याने हात जोडले होते.

हैमा दात आवळून चिन्नीला थोपटत राहिली. बारा. चोवीस. छत्तीस.