कॅमेऱ्याच्या अंगात आलं

भरे गावची गौतमी शेजारच्या नेरे गावात शंभूच्या हळदीचे फोटो काढायला आली, तेव्हा मांडवात सगळे होते, फक्त जयाआत्या नव्हती. ही नवरदेवाची थोरली आत्या. पहिली हळद लावायचा मान धाकटीला दिला म्हणून ती मागच्या खोलीत तोंड फिरवून बसली होती.

"बसू दे," शंभूचे चुलते बहिरूअण्णा म्हणाले. "तू कर सुरू, पोरी."

गौतमीनं कॅमेरा स्टँडवर लावला, व्हिडिओ चालू केला आणि ती पडद्यावर वाकली. स्टँड खांबासारखा उभा, पण पडद्यावरचा शंभू पाटासकट थरथरत होता. आतून गुरगुर ऐकू येत होती. हात हलला तरी चित्र हलू नये म्हणून आत बसवलेलं स्टॅबिलायझर स्वतःच नाचायला लागलं होतं.

अण्णा पडद्यात डोकावले नि झटकन मागं सरले. "आरं द्येवा! ह्याच्या अंगात आलंया!"

"अण्णा, मशीन बिघडलंय."

"बिघडल्यालं मशीन घुमतंय व्हय?"

तोवर एका बाईनं कॅमेऱ्याला कुंकू लावलंसुद्धा. गौतमीनं घाईघाईनं तो बंद करून उचलला. बंद केल्यावर आतला भाग सुटा होतो, अगदी नव्या कॅमेऱ्यातही. तो खुळखुळला.

"आजून आत हाय!" अण्णांनी हात जोडले. "काय चुकलं आमचं?"

"जयाआत्याला डावललं," कुंकूवाली बाई म्हणाली.

मग काय! अण्णा स्वतः गेले आणि बहिणीला हाताला धरून घेऊन आले. सगळे तिकडं बघत होते, तेवढ्यात गौतमीनं पिशवीतला जुना, स्टॅबिलायझर नसलेला कॅमेरा स्टँडवर चढवला. पडदा स्थिर.

"शांत झाला!" मांडवानं सुस्कारा सोडला.

आत्यानं शंभूला कानामागंसुद्धा हळद फासली आणि भरल्या हातांनी गौतमीजवळ आली.

"गाडीच्या हँडलला लावून फिरवलास न्हवं त्यो?" ती कुजबुजली.

गौतमी ओशाळली. "ताम्हिणीच्या घाटात. व्हिडिओसाठी."

"माझ्या पोरानं, निरंजननं बी त्याचा कॅमेरा असाच घालवला. हादऱ्यानं आतलं ढिलं व्हतं म्हनं."

"अहो, मग अण्णांना सांगायचं ना!"

"खुळी का काय तू? लई वर्सांनी ह्या घरात कुनी मला हाताला धरून आनलंय." आत्यानं तिच्या गालाला हळद लावली. "लगीन उद्या हाय. तवर दुरुस्त करू नगंस."